आठ फुटी गॅरेजमधली लिफ्ट

पेणच्या रामवाडीतल्या आमच्या घराचं गॅरेज जमिनीपासून स्लॅबपर्यंत बरोबर आठ फूट उंच आहे. हे मी छातीठोकपणे सांगते, कारण नव्वदच्या दशकातल्या एका उन्हाळ्यात मी ते पंधरा-वीस वेळा मोजलं. दर खेपेला टेप वर नेताना एक वेडी आशा असायची, की या वेळी सव्वाआठ भरेल. मी शाळेत गणित शिकवत होते, तरीसुद्धा.

ही पाळी आली ती माझ्या नवऱ्याच्या उजव्या हातामुळे. तोंडावर मी त्यांना 'अहो' म्हणते; इथे लिहिताना 'तो' म्हणणार आहे, कारण निदान कागदावर तरी बरोबरी असावी. तो रोह्याला, धाटावच्या एका केमिकल कंपनीत मेंटेनन्सला होता. आठवड्याचे सहा दिवस पंप आणि व्हॉल्व्ह दुरुस्त करायचे आणि सातव्या दिवशी विश्रांती म्हणून गाडी दुरुस्त करायची, असा त्याचा क्रम. गाडी आमची जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली, गिअरचा दांडा स्टिअरिंगला असलेली. तिच्यात सतत काही ना काही निघायचं. निघालं नाही तर आळीतल्या कुणाच्या तरी गाडीत निघायचं.

गोणपाट अंथरून तो पाठीवर गाडीखाली सरकायचा. बाहेर फक्त दोन पावलं दिसायची. त्या पावलांवरून मला आतलं सगळं कळत असे. बोटं हलत असली की काम जमतंय, टाचा घट्ट टेकवलेल्या असल्या की नट गंजलेला आहे. आणि शीळ चालू असायची, एकच सूर, वर्षानुवर्षं तोच. मी चाकाशेजारी चहाचा कप ठेवायचे, खालून एक काळाकुट्ट हात यायचा आणि कप आत जायचा. संसारात आणखी काय बोलायचं असतं?

होळीच्या सुमाराला त्याच्या उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या. मग पाना हातातून सुटायला लागला. एकदा तो कपाळावरच पडला, तेव्हा कुठे साहेब डॉक्टरांकडे गेले. मानेच्या मणक्यात शीर दबतेय, असं निघालं. डॉक्टर म्हणाले, "कंपनीत जपून काम करा, चालेल. पण आडवं पडून, हात वर धरून ते गाडीखालचं काम बंद. काही दिवस नाही म्हणत मी, कायमचं बंद."

घरी येऊन त्यानं गोणपाट झटकलं, घडी करून माळ्यावर टाकलं आणि पुढच्या रविवारी तो माझ्या स्वयंपाकघरात आला.

पहिल्या रविवारी त्यानं कुकरच्या दांड्याचे स्क्रू आवळले. ठीक. दुसऱ्या रविवारी सगळे डबे उंचीनुसार लावले, त्यामुळे हिंग पोह्यांच्या मागे गेला आणि मीठ सापडेना. तिसऱ्या रविवारी तो माझ्या पाठीशी उभा राहून म्हणाला, "तू लाटताना जोर मनगटातून देतेस. खांद्यातून दे." लाटणं माझ्या हातात होतं, हे त्याच्या लक्षात आलं नसावं. मी तेव्हाच ठरवलं, या माणसाला पुन्हा गाडीखाली पाठवायचं, काय वाटेल ते होवो.

हे सगळं मी शाळेत सांगून हशा मिळवत होते. खरं सांगायचं तर मी घाबरले होते. त्याची शीळ बंद झाली होती. डबे लावतानाही तो शीळ घालत नव्हता.

गाडी उचलायच्या लिफ्टचं खूळ त्याच्या डोक्यात भरवलं कोलाडच्या एका गॅरेजवाल्यानं. हा त्याचा जुना मित्र. कोकणात रेल्वेचं काम चालू होतं, ठेकेदारांच्या जीपगाड्या हायवेवर सारख्या धावत होत्या आणि सारख्या मोडत होत्या, त्यामुळे याचं बरं चाललं होतं. त्यानं मुंबईहून नवी लिफ्ट आणून बसवली होती. एका रविवारी आम्ही दोघं एसटीनं ती बघायला गेलो. दोन लोखंडी खांब, त्यांना चार हात. हात गाडीखाली सरकवले, बटण दाबलं, आणि अख्खी जीप आमच्या डोक्यावर जाऊन थांबली. माझा नवरा तिच्याखाली जाऊन उभा राहिला. सरळ, ताठ, कपड्यांना धूळ न लागता. मुलीला बोर्डात चांगले मार्क पडले तेव्हा त्याचा चेहरा असा झाला होता.

"उंची किती लागते हो?" मी विचारलं.

"वहिनी, बारा फूट धरा," गॅरेजवाला म्हणाला. "अकरात होईल, पण मग गाडीचं टप नाहीतर साहेबांचं टक्कुरं, एक काहीतरी आपटणार."

त्या संध्याकाळी मी आमच्या गॅरेजच्या भिंतीवर खडूनं गणित मांडलं. गाडीची उंची चार फूट नऊ इंच. नवऱ्याची पाच फूट आठ. एकूण दहा फूट पाच इंच, तेही केसाला केस लावून. उपलब्ध उंची आठ. मी तीन वेळा बेरीज केली. तो म्हणाला, "बाई, उत्तर बदलणार नाही." मी म्हटलं, "तुम्ही बदला मग, थोडे बुटके व्हा." तो हसला नाही.

मग सुरू झाली ती उंचीची शोधाशोध. गवंड्याला बोलावलं. तो म्हणाला, स्लॅब फोडून वर घेता येईल. पण वर मुलीची खोली, मुलगी बारावीला. ती जिन्यातूनच ओरडली, "म्हणजे गाडी माझ्या पलंगाखाली येणार का?" तो विषय तिथेच संपला. मग खाली जायचं ठरलं. खड्डा खणायचा, गाडी खड्ड्यावर आणायची आणि आपण खड्ड्यात उभं राहायचं. हे मोठ्या गॅरेजांतून सर्रास असतं. वैशाखात आम्ही दोन मजूर लावून खणायला सुरुवात केली. तीन फुटांवर ओल लागली. पौर्णिमेला खाडीला उधाण आलं आणि सकाळी बघतो तर खड्ड्यात गुडघाभर पाणी. नवऱ्यानं बोट बुडवून चाखलं आणि म्हणाला, "मचूळ आहे." पेणच्या जमिनीचा इतका अनुभव असून आम्हाला हे सुचू नये, याचा मला फार राग आला. राग मी त्याच्यावर काढला, कारण तो जवळ होता.

खड्डा भरून टाकला. नंतर पंधरा दिवस तो गॅरेजकडे फिरकला नाही. संध्याकाळी रोह्याहून यायचा, जेवायचा आणि पेपर उघडून बसायचा. पान उलटायचं विसरायचा.

ज्येष्ठात आम्ही जोह्याला गेलो, आमच्या घरचा गणपती सांगून ठेवायला. माझ्या नवऱ्याचं मूळ गाव ते. सासरे मूर्ती करायचे, आता तो कारखाना त्याची मोठी बहीण सांभाळत होती. खरं तर तो त्यानं सांभाळायचा, पण अठराव्या वर्षी हा रोह्याच्या कंपनीत चिकटला. का, असं मी लग्नानंतर विचारलं होतं. म्हणाला होता, "आमच्याकडे सगळी माणसं जन्मभर बसलेली. मला उभ्यानं काम करायचं होतं." कंपनीत तर बसणं म्हणजे गुन्हाच. फिटर पाच मिनिटं टेकला की सुपरवायझर ओरडायचा, "बसलास काय रे?" अशी वीस-बावीस वर्षं काढल्यावर बसून काम करता येतं हेच माणूस विसरतो.

आम्ही पोचलो तेव्हा वन्सं एका मोठ्या मूर्तीची आखणी करत होत्या. आखणी म्हणजे डोळे रंगवणं. मूर्तीची सोंड, हात, पितांबर कुणीही रंगवेल, पण डोळे घरातलं एकच माणूस काढतं, आणि ते काढत असताना त्याच्याशी कुणी बोलत नाही. आलेल्यानं 'आलो' असंही म्हणायचं नाही, गुपचूप भिंतीशी बसायचं. आम्ही बसलो. तासभर बसलो. बोलायला मिळत नसल्यामुळे मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं काम नीट पाहिलं.

वन्सं एका बुटक्या पाटावर बसल्या होत्या, पाठ सरळ. समोर फिरतं स्टूल, त्यावर मूर्ती. एक डोळा झाला की त्या मूर्ती फिरवायच्या, स्वतः हलायच्या नाहीत. तो गणपती झाल्यावर त्यांनी दुसरा घेतला, जरा लहान. आधी स्टुलाखाली दोन विटा सारल्या. बसून बघितलं. एक काढून अर्धी लावली. पुन्हा बसून बघितलं. गणपतीचे डोळे नेमके त्यांच्या डोळ्यांसमोर आल्यावरच कुंचला उचलला. मला ते रोजचंच वाटलं. माझा नवरा मात्र त्या अर्ध्या विटेकडे टक लावून बघत होता.

काम संपल्यावर त्यांनी हात पुसले आणि पहिलं वाक्य बोलल्या, "हात कसा हाय रे तुझा?"

त्यानं सगळं सांगितलं. लिफ्ट, बारा फूट, स्लॅब, खड्डा. वन्संनी चहा ओतता ओतता ऐकलं.

"बारा फूट कशाला?"

"खाली उभं राहायला नको का, अक्का?"

"तुला उभं ऱ्हायला सांगितलंय कोनी?"

"अगं, ते गणपतीचं काम. हे गाडीचं."

"गणपतीला डोलं हायत, गाडीला चाकं हायत. करायला हातच लागतात ना?" त्यांनी कपबशी खाली ठेवली. "काम डोल्यासमोर आलं पायजे. मान वर नाय, खाली नाय. हात खांद्याच्या वर नाय. चालीस वर्सं बसलंय मी, बघ हा हात." आणि त्यांनी उजवा हात समोर धरला. तो जराही हलत नव्हता. माझ्या नवऱ्यानं नकळत आपला हात पाठीमागे घेतला, ते मला दिसलं.

मग वन्सं माझ्याकडे वळल्या. "आनि तू गो? मास्तरीण ना तू? तुला पन नाय सुचलं?"

नाही सुचलं. मुलांना मी वर्षानुवर्षं सांगत आले, गणित सुटत नसेल तर आधी दिलेली माहिती तपासा. आणि भिंतीवर खडूनं मांडलेल्या माझ्या प्रत्येक बेरजेत नवरा पाच फूट आठ इंच, उभाच्या उभा होता. त्याला खाली बसवून बघावं असं मला एकदाही वाटलं नव्हतं. गाडी उचलायला आम्ही घर फोडायला निघालो होतो, जमीन खणली होती, आणि करायचं होतं ते इतकंच.

परतीच्या एसटीत त्यानं दोघांची तिकिटं काढली. मग खिडकीबाहेर बघत म्हणाला, "तुला एक सांगितलं नाही. कोलाडला त्या लिफ्टखाली मी हात वर करून एक नट आवळून बघितला होता. तू बाहेर होतीस तेव्हा. दहा मिनिटांत मुंग्या आल्या."

"मग तरीही बारा फुटांच्या मागे का लागला होतात?"

"उभं राहायचं होतं," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "कंपनीत एक कात्री पडून आहे."

कात्री म्हणजे कात्रीसारख्या पायांचं हायड्रॉलिक टेबल. त्यावर केमिकलची पिंपं ठेवून वर उचलायचे. नवं आल्यावर जुनं भंगारात काढलं होतं आणि ते बॉयलरच्या मागे पडलं होतं. दोन टनांची पिंपं उचलणारं टेबल, आमची गाडी तर टनभरही नाही. पण त्याची उचल जेमतेम तीन फूट, म्हणून त्यानं त्याचा कधी विचारच केला नव्हता. रीतसर अर्ज केला, भंगाराच्या लिलावात ते त्याला मिळालं, आणि एका शनिवारी टेम्पोतून ते रोह्याहून पेणला आलं.

त्याला पुन्हा कामाला लागलेलं बघून मी डबे माझ्या पद्धतीनं लावून घेतले. त्यानं टेबलाचे सील बदलले, तेल बदललं, गाडीच्या चॅसीखाली नीट टेकतील असे चार आधार ओळखीच्या वेल्डरकडून जोडून घेतले. घडी घातल्यावरही ते टेबल गाडीच्या पोटापेक्षा उंच, म्हणून जमिनीत वीतभर खळगा करून त्यात बसवलं. वीतभर खाली पाणी लागलं नाही. शिवाय कितीही भरवसा असला तरी नुसत्या तेलाच्या दाबावर राहायचं नाही, म्हणून वर गेल्यावर आडवी घालायची जाड पोलादी खीळ केली. भिंतीवरचं जुनं गणित मी ओल्या फडक्यानं पुसलं आणि नवं लिहिलं. गाडी दोन फूट दहा इंच उचलायची. चार फूट नऊ मिळवले की सात फूट सात. स्लॅबला पाच इंच मोकळे. सहा इंचांच्या पाटावर बसलेला नवरा, डोकं धरून, तीन फूट तीन. गाडीचं पोट एरवीच जमिनीपासून सात इंच वर, म्हणजे आता त्याच्या डोक्याच्या दोन इंच वर, आणि खाली लोंबणारं सगळं डोळ्यांसमोर. बसलं! उत्तर बसलं.

बटण दाबलं. गाडी हळूहळू वर निघाली. मी टाळ्या वाजवणार इतक्यात फट्‌ असा आवाज झाला आणि काचा खाली आल्या. मी स्लॅब मोजला होता पंधरा-वीस वेळा. स्लॅबला लटकलेली ट्यूबलाइट मोजली नव्हती.

"बाई," तो म्हणाला, "ही बेरजेत नव्हती वाटतं?"

मी निमूटपणे केरसुणी आणली. ट्यूब नंतर भिंतीवर लावली आणि तिथे तिचा उजेडही जास्त चांगला पडतो, असं मी अजून सगळ्यांना सांगते.

त्या लिफ्टमध्ये खोट नाही असं नाही. मधला भाग कात्रीनंच अडतो, त्यामुळे सायलेन्सरच्या मधल्या पाइपाशी पोचायला कसरत करावी लागते, आणि कोलाडच्या गॅरेजचा थाट तिला नाही. पण ब्रेकचं काम असलं की तो गाडी जरा खाली घेतो, चाक छातीसमोर येतं. पोटाखालचं काम असलं की वर. दर वेळी बसून बघतो, बोटभर कमी-जास्त करतो, मगच पाना उचलतो. पहिल्या रविवारी तो खाली बसला तेव्हा मी दारात मेथी निवडत बसले. एक जुडी निवडायला मला दोन तास लागले. तो बाहेर आला, मूठ उघडून मिटून बघितली.

"मुंग्या?" मी विचारलं.

"नाय," तो म्हणाला, अगदी जोह्याच्या सुरात.

दुसऱ्या रविवारी शीळ सुरू झाली. तोच एक सूर, तसाच बेसूर. मी स्वयंपाकघरात एकटी होते आणि मला इतकं बरं वाटलं, की पोळी करपली.

दसरा झाल्यावरची गोष्ट. रविवारी सकाळी फाटकाशी एक स्कूटर थांबली. कोलाडचा गॅरेजवाला. हा लिफ्ट बघायला आला असणार असं समजून मी हसत पुढे गेले. तो म्हणाला, "वहिनी, साहेबांची पान्यांची पेटी न्यायला आलोय. मे महिन्यातच ठरलं होतं, पण पावसाळाभर कामातून मान वर करता आली नाही."

"पेटी?"

"हो. ते म्हणाले होते, आता मला लागणार नाही, तू घेऊन जा, पडून गंजायला नको. म्हणाले, ती घरात नसेल तेव्हा ये." मग आपण काय बोलून बसलो हे त्याच्या लक्षात आलं.

ती पेटी माझ्या नवऱ्यानं पहिल्या पगारातून घेतली होती, दर वर्षी एक-दोन पाने, असं करत भरलेली. मी फाटक धरून उभी राहिले. मे महिना म्हणजे खड्ड्यात पाणी आलं तो महिना. मी हिंग सापडत नाही म्हणून चिडत होते, आणि हा माणूस मला काही कळू न देता आपली पेटी कुणाच्या हाती द्यायची ते ठरवून मोकळा झाला होता. माझे डोळे भरून आले. तो गॅरेजवाला बिचारा, आपल्या चपलांकडे बघत राहिला.

"ते काहीतरी चुकून बोलले असतील," मी म्हटलं. "पेटी द्यायची नाहीये."

आतून शीळ ऐकू येत होती. त्यानं कान देऊन ऐकली, हसला आणि म्हणाला, "नसेल द्यायची तर फारच बरं, वहिनी." चहालाही न थांबता त्यानं स्कूटर वळवली आणि गेला.

मी डोळे पुसून गॅरेजमध्ये गेले. गाडीखालून फक्त पाट आणि मांडी घातलेले पाय दिसत होते.

"कोण होतं?"

"कुणी नाही," मी म्हटलं. "पत्ता चुकला होता कुणाचा तरी."

शीळ थांबली. पान्याचा आवाजही थांबला. मला वाटलं, आता हा काहीतरी विचारणार, आणि मला नीट खोटं बोलता येत नाही. क्षणभरानं खालून आवाज आला.

"त्याच्या स्कूटरचा क्लच घसरतोय. पुन्हा पत्ता चुकला तर आत घेऊन ये, मी करून देतो म्हणावं."